भिरकीसाठी घर बघताना

पहाटे साडेपाच

मळवली स्टेशनवरून भाजे गावाकडे जाणारा रस्ता या वेळी मोकळा असतो. सुट्टीच्या दिवशी उजाडलं की लोहगडाच्या गाड्या सुरू होतात आणि मग भिरकी कुत्रीला आवरणं अवघड. गाडी थांबली की ती दाराशी जाऊन उभी राहते, पुढचे पाय टेकवून आत बघते. पावसाळ्यात गडाच्या पायथ्याशी सापडली तेव्हा गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा होता. कुणीतरी फिरायला म्हणून आणून सोडून गेलं, दुसरं काय. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाला कोण भिणार?

भिरकी दीड-दोन वर्षांची, गावठी, लांब पायांची. तासभर पळवून आणली तरी घरी येऊन चप्पल शोधते. म्हणून पळून झालं की नाकाला काम देते. जुन्या गोणपाटाच्या घड्यांत उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे लपवायचे. ती आधी घाईने पंजा मारते, मग थांबते, नाक एकेका घडीवर टेकवते, श्वास फुसफुस ऐकू येतो. वीस मिनिटांत जीभ बाहेर आणि डोळे जड. नुसत्या पळण्याने अशा कुत्र्याचा दम वाढतो. डोकं चाललं तरच ते शांत बसतं.

आठ

फोन. भिरकीला घ्यायचं म्हणणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आमच्याकडे जागा भरपूर आहे, मोकळी सोडू.’ मी जागेचं विचारतच नाही. सकाळी साडेसहाला तिच्याबरोबर कोण असेल, गावाला गेलात तर कोण बघेल, रात्री ती कुठे झोपेल, एवढंच विचारते. शेवटचा प्रश्न मावळात जीवन-मरणाचा आहे. इथे बिबट्याचा वावर आहे आणि अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं त्याला आयतंच सापडतं. ‘रात्री बाहेरच, राखणीला’ असं उत्तर आलं की मी नमस्कार करून फोन ठेवते.

साडेअकरा

लोणावळा, तुंगार्ली. शनिवारची कोंडी, चिक्कीच्या दुकानांपुढे दुहेरी रांगा. या गर्दीत लोक रस्त्यावरच्या कुत्र्यांना चॉकलेट फज भरवतात, तेही प्रेमाने. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्यांना पचत नाही, जीवही जाऊ शकतो, हे दरवेळी गाडीतून उतरून सांगावंसं वाटतं. आज एका मुलीला सांगितलं, तिने लगेच हात मागे घेतला.

भिरकीसाठी बघायला आलेला बंगला देखणा, हिरवळ मोठी, मालक मनाने चांगले. ते मुंबईहून शनिवार-रविवार येतात. पाच दिवस इथे माळी आणि त्याचं कुटुंब. मागच्या अंगणात फणसाच्या बुंध्याला कमरेच्या खाली साल गोल घासून गेलेली आणि भोवती अर्ध्या वर्तुळात गवत उगवलेलंच नाही. आधीच्या कुत्र्याच्या साखळीची ती खूण.

‘दादा, तो दिवसभर बांधलेला असायचा का?’ मी माळ्याला विचारलं.

‘मोकळा सोडला की फाटकावर येरझाऱ्या घालायचा ताई, भुंकून भुंकून घसा बसायचा. शेजारी ओरडायचे. मग काय करणार?’

माळ्याची चूक नव्हतीच. कुंपणाच्या आत एकटं सोडलेलं चपळ कुत्रं स्वतःच काम शोधतं आणि ते काम म्हणजे फाटकावरची राखण. मालकांना मी तिथेच स्पष्ट सांगितलं की भिरकी इथे येणार नाही. त्यांना वाईट वाटलं. माळ्याच्या बायकोला कुत्र्यांची हौस दिसली. कधी एखादं वयस्क, निवांत कुत्रं असेल तर तिच्याशी बोलेन, पण ते घरात झोपेल आणि खर्च मालक करतील, या अटीवर.

तीन

तळेगावात डॉक्टर. रेबीजची लस टोचली आणि गोचीडतापासाठी रक्त तपासायला दिलं. नसबंदीचे टाके बरे आहेत. लेप्टोच्या लसीचा डोस पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा द्यायचा, हे पुस्तिकेत लाल पेनने लिहून घेतलं. भातखाचरांतून हिंडणाऱ्या कुत्र्याला हा डोस चुकवणं परवडत नाही.

साडेचार

तळेगावातच, तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. कागदावर बघितलं तर भिरकीसाठी सगळ्यात वाईट जागा. पण घरातली बाई शाळेत खेळ शिकवते, रोज पहाटे पळायला जाते. मुलगा आठवीत. नवऱ्याची दुपारची पाळी, त्यामुळे सकाळभर घरी. आजी मात्र कॉटवर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

भिरकीचे गुण सांगायच्या आधी मी तिचे अवगुण सांगितले. पट्टा ओढते. शेळ्या दिसल्या की सुटते. उशी फाडते. सोसायटीचं काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना दाखवल्या: सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, मात्र जिन्यात घाण होऊ न देणं आपलं काम.

‘माझ्या अंगावर उडी मारली तर?’ आजींनी विचारलं.

‘पाठ फिरवायची, आजी. बोलायचं नाही, ढकलायचंही नाही. चारही पाय जमिनीवर आले की मगच हाक मारायची.’

भिरकीने उडी मारलीच, कॉटच्या कडेवर. आजींनी तोंड भिंतीकडे केलं. ती खाली उतरली, परत चढली, आजी तशाच. तिसऱ्या वेळी ती खाली बसून राहिली आणि आजी हळूच म्हणाल्या, ‘शहाणी आहे गं.’ मुलाला टाळी वाजवायची होती. आईने डोळ्यांनी थांबवलं. तेवढ्यावरून मला त्या बाईचा अंदाज आला.

तरी लगेच होकार दिला नाही. पुढचे दोन रविवार त्यांनी मळवलीला येऊन तिला फिरवायचं, मग पंधरा दिवस तिला ठेवून बघायचं. जमलं नाही तर परत माझ्याकडे, रस्त्यावर नाही. असं लेखी घेते मी.

रात्री नऊ

त्या घरून निरोप आला. आजी विचारतायत, भाकरी चालते का. चालते, पण कांद्याची भाजी लावून नको, मनुकाही नको, असं कळवलं. उद्या येताना पळायचे बूट घालून या, हेही लिहिलं.