पडद्याच्या अलीकडे, पलीकडे

डीन डिक्सन हे अमेरिकन कंडक्टर आपल्या कारकिर्दीचे तीन टप्पे सांगत. आधी लोक त्यांना ‘कृष्णवर्णीय अमेरिकन कंडक्टर’ म्हणत, मग ‘अमेरिकन कंडक्टर’, आणि शेवटी नुसतं ‘कंडक्टर’. मधली विशेषणं गळून पडायला त्यांना देश सोडावा लागला. १९१५ साली हार्लेममध्ये जन्मलेल्या डिक्सन यांनी विशीच्या आतच तिथे स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९४१ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं संचालन करणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. एवढं होऊनही कायमची नेमणूक कुणी देईना. १९४९ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि पुढे गोथेनबर्ग, फ्रँकफर्ट, सिडनी इथल्या वाद्यवृंदांचं प्रमुखपद सांभाळलं. मायदेशी संचालनासाठी बोलावणं आलं ते थेट १९७० मध्ये.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात आज वैविध्यावरून वाद झडतो, तेव्हा एक बाजू हमखास म्हणते, ‘बाकी काही बघू नका, फक्त वाजवणं बघा.’ ऐकायला हे रास्तच वाटतं. मात्र फक्त वाजवणं बघण्याची सोय या क्षेत्रात फार उशिरा झाली, आणि झाली तीही अर्धीमुर्धी.

ही सोय म्हणजे पडदा. बोस्टन सिंफनीने १९५२ मध्ये पडद्याआडून ऑडिशन घ्यायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात ही पद्धत अमेरिकेत पसरली. उमेदवाराला नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. त्याने बोलायचं नाही, शंका असलीच तर मध्यस्थाच्या कानात सांगायची. टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखू येऊ नये म्हणून वाटेवर गालिचासुद्धा अंथरतात. परीक्षकांपर्यंत पोहोचतात ते सूर, लय आणि नाद. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राऊस या अर्थशास्त्रज्ञांनी २००० मध्ये जुन्या नोंदी तपासून या पद्धतीचा स्त्रियांना फायदा झाल्याचं मांडलं. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे शंकाही घेतल्या गेल्या.

गुणवत्तेची भाषा किती लवचिक असते, हे बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये दिसलं. १९८२ मध्ये तिथले प्रमुख कंडक्टर हर्बर्ट फॉन कारायान यांना क्लॅरिनेटवादक झाबिने मायर हव्या होत्या. वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला. कारण सांगितलं ते सांगीतिक : त्यांचा नाद इतरांत मिसळत नाही. नाद मिसळणं ही वाद्यवृंदाची खरीच गरज आहे, म्हणून तर ही सबब खोडून काढणं अवघड. मायर बाहेर पडल्या आणि एकल वादक म्हणून जगभर नावाजल्या. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर स्त्रियांना सदस्यत्व दिलं ते १९९७ मध्ये.

पण पडदा लागतो तो शेवटच्या दिवशी. त्याआधी दहा-पंधरा वर्षांची शिकवणी, चांगलं वाद्य, गावोगावच्या ऑडिशनचा प्रवासखर्च, हे सगळं ज्याला परवडतं तोच पडद्यापर्यंत येतो. आपल्याकडे याची उलट बाजू दिसते. गोव्यात चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, म्हणून मुंबईच्या चित्रपटसंगीताला नोटेशन वाचून वाजवणारे गोंयकार वादक मिळाले. झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले, पण वडील मेहली मेहता यांचा बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा ते घरीच ऐकत वाढले होते. दोन्हीकडे शिकण्याची सोय आधी होती, वादक मागून घडले.

कंडक्टरला मात्र पडदाच नाही. त्याला शंभर जणांसमोर उभं राहूनच काम करायचं, त्यामुळे पूर्वग्रहांना तिथे मोकळं रान मिळतं. मॅरिन ऑलसॉप यांची बाल्टिमोर सिंफनीवर निवड जाहीर झाली, तेव्हा वादकांनीच खळखळ केली. २००७ मध्ये त्या रुजू झाल्या, २०२१ पर्यंत टिकल्या. रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी ‘ऑर्ककिड्स’ हा उपक्रम सुरू केला. वादकांसाठीही असा पुढाकार घेतला गेला : लंडनमध्ये चि-चि न्वानोकू यांनी २०१५ मध्ये ‘चिनेके!’ हा बहुतांशी कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद काढला.

२०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे समीक्षक अँथनी टोमासिनी यांनी वैविध्य वाढावं म्हणून हा पडदाच काढा, असं सुचवलं. मला ते पटत नाही. पडदा काढला की ‘नाद मिसळत नाही’ म्हणणाऱ्यांचंच फावेल. पडदा राहू द्यावा. वैविध्याचा हिशेब मात्र ऑडिशनच्या दिवशी मागू नये. सात-आठ वर्षांच्या कोणकोणत्या मुलांच्या हाती वाद्य दिलं, हे वाद्यवृंदांना दरवर्षी विचारावं.