सोया मेणबत्ती रुसते तेव्हा...

दिवाळीच्या सुमारास सुगंधी मेणबत्त्या घरीच बनवणारे, आणि जमल्यास चार ऑर्डरी घेणारे, आता शहरांत पुष्कळ आढळतात. त्यासाठी सोयाबीनच्या तेलापासून तयार झालेल्या मेणाला विशेष पसंती मिळते. मात्र हे मेण पॅराफिनसारखे वागत नाही आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच आहे. पॅराफिन खनिज तेलापासून मिळते; सोया मेण म्हणजे हायड्रोजनच्या प्रक्रियेने घट्ट केलेले खाद्यतेल. नात्याने ते वनस्पती तुपाचे चुलत भावंडच म्हणावे लागेल.

हे नाते ध्यानात ठेवले, की पहिली तक्रार आपोआप उलगडते. काही दिवसांनी मेणबत्तीवर पांढुरकी, बुरशीसारखी नक्षी उमटते. ती बुरशी नव्हे. तूप थिजताना जसे रवाळ होते, तसेच या मेणातील स्निग्ध पदार्थ स्फटिकरूप धारण करतात. जळण्यावर वा सुगंधावर त्याचा परिणाम होत नाही. गडद रंगात ती अधिक उठून दिसते. म्हणून रंग फिकट ठेवणे किंवा न घालणे हाच सोपा उपाय. मेण आक्रसून काचेपासून सुटल्याने दिसणारे ओलसर डागही असेच निरुपद्रवी. काच आधी कोमट करून घेतल्यास ते कमी होतात.

सर्वाधिक निराशा होते ती सुगंधाबाबत. वास येत नाही म्हणून आणखी तेल ओतले जाते आणि पृष्ठभागावर तेलाचे थेंब सुटतात. सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या साधारण ६ ते १० टक्के असावे. म्हणजे ५०० ग्रॅम मेणाला ४० ग्रॅम पुरेसे. हे मोजमाप चमच्याने नव्हे, वजनकाट्यावर करावे. मेण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना तेल घालून दोन मिनिटे सावकाश ढवळावे. गुलाबपाणी कटाक्षाने टाळावे. पाणी मेणात मिसळत नाही आणि वात तडतडते. अंगाला लावायचे अत्तरही येथे बहुधा महाग पडते आणि दरवळत नाही.

यानंतरची गोष्ट कोणालाच आवडत नाही, ती म्हणजे थांबणे. सोया मेणात सुगंध मुरायला एक ते दोन आठवडे लागतात. वसुबारसेला ओतलेली मेणबत्ती लक्ष्मीपूजनाला पुरती दरवळेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. ऑर्डर घेणाऱ्यांनी दसऱ्याच्या आसपासच कामाला लागावे.

मेणबत्ती मधोमध विहिरीसारखी खोल जळत जाते आणि कडेचे मेण तसेच राहते, याचा दोष बहुधा वातीचा. वात भांड्याच्या व्यासाला बारीक पडली, की असे होते. जाड झाली, की टोकाला बोंड धरते आणि काजळी येते. समईची वात येथे चालत नाही. मेण लावलेली, विणलेली सुती वातच हवी. पहिल्यांदा पेटवताना दर अडीच सेंटिमीटर व्यासामागे सुमारे एक तास ती जळू द्यावी, म्हणजे मेण कडेपर्यंत वितळते. सात सेंटिमीटरच्या ग्लासाला सुमारे तीन तास लागतील. एका वेळी चार तासांहून अधिक मात्र नको. प्रत्येक वेळी वात पाच-सहा मिलिमीटरपर्यंत कापून घ्यावी.

आतापर्यंतचे दोष रूपाचे वा वासाचे होते. काचेचा दोष मात्र जिवावर बेतू शकतो. पाणी पिण्याचा पातळ ग्लास उष्णतेने तडकतो आणि पेटते मेण टेबलावर पसरते. उष्णता सोसणारी जाड काचच वापरावी आणि तळाशी सेंटिमीटरभर मेण उरले, की मेणबत्ती विझवावी. मेण थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्यात भांडे ठेवूनच वितळवावे आणि तेथून हलू नये. भांड्यातील मेणाने पेट घेतलाच, तर गॅस बंद करून झाकण घालावे. पाणी ओतल्यास आगीचा भडका उडतो.

विदर्भात मे महिन्यात पाठवलेले पार्सल वाटेतच मऊ पडते, कारण भांड्यात ओतायचे सोया मेण साधारण ५० अंशांच्या आसपास वितळते. त्या दिवसांत ऑर्डर घेणे टाळलेलेच बरे. आणि उरलेले मेण मोरीत ओतू नये. ते पाइपात थिजून बसते. भांडे कोमट असतानाच कागदाने पुसून घ्यावे, मग घासावे.