'कोपलँड': कधीच बाजारात न आलेली संगणक प्रणाली

अ‍ॅपल कंपनीच्या मॅकिन्टॉश संगणकाने १९८४ साली चित्रमय पडदा आणि माऊस सामान्य माणसाच्या टेबलावर आणला. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मात्र एका वेळी एकच काम करण्यासाठी रचलेली होती. पुढे अनेक आज्ञावल्या एकाच वेळी चालवण्याची सोय झाली. पण प्रत्येकीने आपण होऊन दुसरीला वाव द्यावा, अशी ती काहीशी भाबडी व्यवस्था होती. शिवाय संगणकाच्या स्मृतीत कुंपण नसल्याने एक आज्ञावली बिघडली की सारा संगणक ठप्प होई.

हे दुखणे मुळापासून दूर करण्यासाठी अ‍ॅपलने १९९४ मध्ये नवा प्रकल्प जाहीर केला. अमेरिकी संगीतकार एरन कोपलँड यांचे नाव त्यास देण्यात आले होते. खरी अडचण होती ती जुन्या आज्ञावल्यांची. ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेल्या या आज्ञावल्या नव्या प्रणालीवरही चालायला हव्या होत्या. त्यासाठी त्या सर्वांना स्मृतीच्या एकाच सामाईक आवारात ठेवण्याचे ठरले. म्हणजे आतला गाभा सुरक्षित झाला, तरी एकीच्या बिघाडाने शेजारणी कोसळण्याचा धोका कायमच राहणार होता! तडजोड इथेच झाली होती. त्यातच प्रत्येक विभाग आपापली नवी सोय प्रकल्पात घुसवू लागला आणि मुदती पुढे सरकत राहिल्या.

दरम्यान, ऑगस्ट १९९५ मध्ये 'विंडोज ९५' आली. जानेवारी ते मार्च १९९६ या तिमाहीत अ‍ॅपलला ७४ कोटी डॉलरचा तोटा झाला. नवे प्रमुख गिल अमेलिओ यांनी तंत्रज्ञान विभागाची सूत्रे एलन हॅनकॉक यांच्याकडे सोपवली. प्रकल्प पूर्ण होण्याची चिन्हे नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि ऑगस्ट १९९६ मध्ये कोपलँड गुंडाळण्यात आला.

आता तयार प्रणाली बाहेरून घेणे भाग होते. अ‍ॅपलचेच माजी अधिकारी जाँ-लुई गासे यांच्या 'बी' कंपनीशी बोलणी झाली. ती किमतीवर अडली. अखेर डिसेंबर १९९६ मध्ये सुमारे ४० कोटी डॉलरना 'नेक्स्ट' ही कंपनी घेण्याचा निर्णय झाला. तिच्याबरोबर तिचे संस्थापक स्टीव्ह जॉब्जही ११ वर्षांनी अ‍ॅपलमध्ये परतले.

कोपलँडचे काही अंश, विशेषतः त्याचे देखणे रूप, जुलै १९९७ च्या 'मॅक ओएस ८'मध्ये वापरले गेले. पाया जुनाच राहिला. नेक्स्टच्या पायावरील 'मॅक ओएस टेन' २००१ मध्ये आली. तिने जुन्या आज्ञावल्यांना 'क्लासिक' नावाच्या वेगळ्या कप्प्यात बंद केले. तो कप्पा कोसळला तरी बाकीचा संगणक चालू राही. २००७ च्या आवृत्तीत हा कप्पाही काढून टाकण्यात आला.