कर्करोगोपचारांचा दर्जा आणि लोकांच्या हरकती-सूचना

सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेच्या रुग्णालयांकडे जाणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची अशी धारणा असते की, जेथे मृत्यू कमी, तेथील उपचार उत्तम. ही धारणा स्वाभाविक असली तरी अपुरी आहे. गुणवत्ता-निर्देशक (सेवेचा दर्जा नोंदींवरून पडताळण्याची ठरवलेली खूण) केवळ फलितावर बेतलेला नसतो. आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ साली साधनसामग्री, उपचारप्रक्रिया आणि फलित अशी जी त्रिविध विभागणी मांडली, तीच आजही आधारभूत मानली जाते. जतच्या कोरडवाहू रानातील आणि कृष्णाकाठच्या बागायतीतील उत्पन्न एकाच मापाने मोजून शेतकऱ्याचे कसब ठरवणे जसे अन्यायाचे, तसेच रोग बळावलेल्या रुग्णांनाही आश्रय देणाऱ्या रुग्णालयाची केवळ मृत्यूंच्या आकड्यांवरून पारख करणे. म्हणून जोखीम-समायोजन (वय, रोगाची अवस्था व अन्य व्याधी हिशेबात धरून केलेली तुलना) आवश्यक ठरते.

अशा निर्देशकांचा मसुदा जाहीर करून हरकती व सूचना मागवल्या जातात, तेव्हा हे काम तज्ज्ञांचे, किंवा ही तक्रारींची सुनावणी, असे मानून सामान्य माणूस दूर राहतो. वस्तुतः येथे कोणाच्या कैफियतीचा निवाडा होत नसून काय मोजावे हे ठरत असते. पेशीपरीक्षणाची अचूकता तज्ज्ञ सांगतील. परंतु आटपाडीहून आठवड्यांमागून आठवडे किरणोपचारासाठी येताना बुडणारी मजुरी, मुक्कामाची अडचण आणि त्यापायी अर्धवट सुटलेले उपचार त्या कुटुंबालाच ठाऊक असतात. बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवली जात आहे. तशाच चिकाटीने अपुऱ्या राहिलेल्या उपचारांचीही कारणांसह नोंद व्हावी, आणि माझ्या मते मसुद्यात तिला अग्रस्थान मिळावे.