वाघळं तोंडावाटे घाण करतात?

दिवेलागणीला पेणहून रोह्याकडे जाणारी गाडी कासूला थांबली, की स्टेशनच्या दिव्यांभोवती पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळं, घिरट्या घालताना दिसतात. एखादी डोक्यावरून गेली की बायका पटकन पदर घेतात. पाकोळी केसांत अडकली तर सुटत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. खरं तर माणसाच्या डोक्याभोवती डास-चिलटं घोंगावत असतात आणि पाकोळी त्यांच्या मागावर असते. स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून जी काळोखात डास टिपते, तिला आपलं डोकं चुकवणं अवघड नाही.

दुसरी समजूत आणखी घट्ट रुजलेली आहे: वाघूळ उलटं लटकतं, म्हणून खातं त्याच तोंडाने विष्ठाही करतं. झाडाखाली पडलेले चोथ्याचे गोळे पाहून ती झाली असावी. वडावर टांगलेली मोठी वाघळं फळ चावून रस गिळतात आणि धागे टाळूशी दाबून थुंकून टाकतात. उसाचा चोथा आपण टाकतो तसंच. विष्ठेच्या वेळी वाघूळ अंगठ्याच्या नख्यांनी फांदी धरतं आणि क्षणभर सुलटं होतं. एखाद्या संध्याकाळी वडाखाली उभं राहिलं तर हे सहज पाहता येतं.

वाघूळ आंधळं असतं, हेही खरं नाही. या मोठ्या वाघळांचे डोळे टपोरे असतात. अंधुक उजेडात ती आपल्यापेक्षा चांगलं पाहतात. आणि रक्ताची भीती म्हणाल, तर रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या तीनच जाती जगात आहेत, तिन्ही मध्य आणि दक्षिण अमेरिकेत.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो ‘उंदराची जात, भराभरा वाढते’ हा समज. महाराष्ट्रातल्या वाघळांकडे नीट पाहणारे लोक आपल्याकडे झाले. आन्द्रे ब्रोसे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पश्चिम आणि मध्य भारतातल्या वटवाघळांवर लिहिलेली लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९६२-६३ मध्ये आली. नागपूरच्या विज्ञान संस्थेतले प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी तर वटवाघळांचं प्रजनन हाच आयुष्याचा विषय केला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात गुहेतलं फळवाघूळ वर्षातून दोनदा विताना आढळलं, दर खेपेला एकच पिल्लू. वडावरच्या मोठ्या वाघळाला तर वर्षाला एकच होतं. उंदरीला एका वेतात सहा-आठ होतात. बंदुकीच्या एका बारात पडलेली दहा वाघळं भरून यायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

बागायतदाराची तक्रार खोटी नाही. चिकू, आंबा, पेरू वाघळं खातात. पण काजूची गोष्ट वेगळी आहे. कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर यांनी केरळात शेतकऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाघूळ बोंडू खातं, बी दुसऱ्या झाडाखाली टाकतं. लोक ती बी वेचतात आणि विकतात. कोकणातल्या माणसाला हे नवं वाटणार नाही.

वाघळांतून येणाऱ्या निपाह विषाणूचं काय? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांतल्या काहींत निपाहची प्रतिपिंडं सापडली, म्हणजे कधीतरी संसर्ग झाल्याची खूण. काळजी जरूर घ्यावी. उष्टं फळ खाऊ नये, पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नये, वाघळांची वस्ती असलेल्या गुहेत उगाच शिरू नये. वाघळांना हाकलण्याने मात्र ती पांगतात, घाबरतात आणि माणसाशी संपर्क वाढण्याचीच शक्यता असते.

फळवाघळं बरीच वर्षं कायद्याच्या ‘उपद्रवी’ यादीत होती. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. आता अडचण झाडांची आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे टप्पे पडले आणि त्या वाटेवरची जुनी झाडं गेली. उरलेल्या वडांवर फेब्रुवारी ते मे या महिन्यांत माद्या पिल्लं पोटाशी धरून लटकलेल्या असतात. पिल्लाला त्या काळात उडता येत नाही. वाघळांच्या वडाची फांदी छाटायचीच झाली, तर निदान दिवाळीपर्यंत थांबावं.