कोरड्या प्रदेशाची सहल

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस इगतपुरीला पाऊस धो धो कोसळतो. पूर्वेस येवल्याचा माळ मात्र पावसाळ्यातही ढगांकडे डोळे लावून बसतो. त्याच माळावर ममदापूर येथे काळविटांचे संवर्धन क्षेत्र आहे. उन्हाळ्यात गवत वाळते, नाले आटतात आणि काळविटांचे कळप पाणवठ्यांकडे वळतात.

आफ्रिकेतील नामिबिया देशात हेच दृश्य फार मोठ्या प्रमाणावर दिसते. हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटींहून मोठा. वस्ती मात्र सुमारे ३० लाख. समुद्रकाठी नामिबचे वाळवंट पसरलेले आहे. उत्तरेस, १९०७ साली राखीव झालेल्या एतोशा उद्यानात हत्ती, सिंह व जिराफ वावरतात. जून ते ऑक्टोबर हे तेथील कोरडे महिने. तेव्हा प्राणी पाणवठ्यांवर जमतात. म्हणून पुष्कळ प्रवासी याच काळाचा बेत आखतात.

अशा सहलीची तयारी घरीच, नकाशापुढे सुरू होते. दोन गावांतील अंतर, पेट्रोल, जादा चाक आणि दिवस मावळण्यापूर्वी गाठायचा मुक्काम यांचा हिशेब आधी करावा लागतो. सर्वांत मोठा हिशेब पाण्याचा. निर्जन वाटेवर गाडी बंद पडली, तर मदत येईपर्यंत जवळच्या पाण्यावरच जीव तगतो.

प्राण्यांचा जीवही पाण्यावरच अवलंबून असतो. पाणवठ्यापाशी माणसांनी गर्दी केली, तर तहानलेला कळप दुरूनच माघारी फिरतो. म्हणून ममदापूर असो वा एतोशा, सुज्ञ प्रवासी आपले पाणी आपल्याबरोबर नेतो आणि मुक्या जिवांची पाण्याकडची वाट मोकळी ठेवतो.