सुगंधाची साक्ष

गेल्या तीसेक वर्षांत सुगंधाची समीक्षा हा स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून उभा राहिला. त्याआधी परफ्यूमवर लिहिलं जात नव्हतं असं नाही. पण ते छापणारी मासिकं सुगंधकंपन्यांच्याच जाहिरातींवर चालत, आणि लेखनालाही जाहिरातीचा वास येई. वर लिंबू, मध्ये गुलाब, तळाशी चंदन अशी यादी कंपनीने पाठवायची आणि लेखकाने ती नटवून छापायची. या प्रकारात पुढे जे सकस लिहिलं गेलं, त्याचं श्रेय बहारदार उपमांना दिलं जातं. मला ते पटत नाही. समीक्षक साक्षीदार झाला, तेव्हा या लेखनात जीव आला. अमुक सुगंध कसा उलगडतो, कोणाच्या वंशातला आहे आणि आता तोच उरला आहे का, हे तो सांगू लागला.

1992 मध्ये जैवभौतिकशास्त्रज्ञ लुका टुरिन यांचं फ्रेंच मार्गदर्शक पुस्तक आलं. 2000 मध्ये फ्रेडरिक माल यांनी आपल्या परफ्यूमच्या बाटलीवर सुगंधकाराचं नाव छापायला सुरुवात केली, म्हणजे दोष कोणाला द्यायचा आणि दाद कोणाला द्यायची हे कळू लागलं. 2006 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने चँडलर बर यांना सुगंधसमीक्षक नेमलं. त्याच वर्षी 13 जूनला फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सुगंध हे निव्वळ कसब आहे म्हणून त्याला कॉपीराइट नाकारला. तीनच दिवसांनी डच सर्वोच्च न्यायालयाने लांकोमच्या ‘त्रेझोर’च्या खटल्यात सुगंधाला कॉपीराइट मिळू शकतो असं ठरवलं. न्यायाधीशांचं एकमत नव्हतं, त्या काळात समीक्षक मात्र सुगंधाला कलाकृती मानूनच लिहीत होते. 2008 मध्ये टुरिन आणि तानिया सांचेझ यांचं इंग्रजी मार्गदर्शक आलं आणि नामांकित घराण्यांच्या परफ्यूमनाही त्यात एकच तारा मिळाला. टुरिन यांची चमकदार वाक्यं कधीकधी पुराव्याची जागा घेतात, हेही नोंदवायला हवं. तो मोह त्यांच्या अनुकरणकर्त्यांना फार बाधला.

साक्ष का लागते, हे गेरलँच्या ‘मित्सुको’वरून स्पष्ट होतं. जाक गेरलँ यांनी 1919 मध्ये केलेल्या या सुगंधाचा थेंब कागदी पट्टीवर घेतला की आधी बर्गामॉटचा लख्ख कडवटपणा येतो, मग पीचच्या सालीसारखा मऊ गोडवा, आणि काही तासांनी ओलसर, काहीशी कडू सावली. ही सावली ओकमॉसची. ओकमॉस म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलासारखंच झाडाच्या सालीवर वाढणारं लायकेन. त्याच्या अर्कातल्या काही घटकांची त्वचेला अॅलर्जी होते, म्हणून आधी उद्योगाने स्वतःच मर्यादा घातल्या आणि 2017 मध्ये युरोपीय संघाने त्यातल्या दोन रेणूंवर बंदी आणली. सूत्र बदललं, बाटलीवरचं नाव तेच राहिलं. व्हर्सायच्या ओस्मोथेकमध्ये 1990 पासून जुने सुगंध जपले जातात, पण तिथवर किती जण पोहोचणार? बाकीच्यांना आधार समीक्षकाच्या तारीखवार नोंदीचाच.

यावर नेहमीचा आक्षेप असा की वास ज्याच्या त्याच्या नाकाचा, शिवाय कातडीगणिक बदलणारा. आवडीपुरता तो खरा आहे. पण लिंबाची झुळूक दहा मिनिटांत विरते की तासभर टिकते, शेवटी उरणारी कस्तुरी बाजारातल्या इतर पन्नास परफ्यूममध्ये आहे तीच आहे का, जुन्या आणि नव्या बाटलीत फरक कुठे पडला, हे कोणीही दोन पट्ट्या शेजारी ठेवून पडताळू शकतो. अशा विधानांची संख्या ज्या समीक्षेत जास्त, ती चांगली समीक्षा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सूत्र हाती असताना वर्णन कशाला? याला उत्तर पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी अभ्यासलेल्या, मराठी टीकेसह मिळालेल्या ‘गंधवाद’ या जुन्या हस्तलिखितात सापडतं. सुगंधी द्रव्यं कशी सिद्ध करायची, हे तिथे वाचता येतं. त्या काळचा जाणकार ती हुंगून कशाला उजवं आणि कशाला फसलेलं म्हणत असेल, ते त्या कृतींवरून कळत नाही.

ही उणीव आजही तशीच आहे. कनौजला देग-भपक्याच्या पारंपरिक भट्टीतून निघणाऱ्या मिट्टी अत्तरावर किंवा रूह खसवर कौतुकाचे लेख भरपूर आहेत. पण दोन कारखान्यांचं मिट्टी अत्तर शेजारी ठेवून, कोणत्या सालचा माल, खाली खरं चंदनतेल आहे की स्वस्त द्रव, दुसऱ्या दिवशी फायावर काय उरलं, हे नाव-तारखेनिशी लिहिणारं समीक्षण क्वचितच वाचायला मिळतं. चंदनतेल महागल्यापासून आधारद्रव्य झपाट्याने बदलतं आहे, आणि जुना माल ओळखणारी नाकं अजून आहेत.